मिशनची सेमी शाळा आणि माझी फीची फाईल

पहिलंच सांगून टाकते. शाळा चांगली आहे, आणि जिच्यामुळे ती चांगली आहे ती सेमी-इंग्रजीची पद्धतच संस्था बंद करायला निघाली आहे. माझी मोठी पोरगी पाचवी ते दहावी तिथं शिकली आणि २०२५ च्या मार्चात बोर्डाची परीक्षा देऊन बाहेर पडली. धाकटा अजून तिथंच आहे, म्हणून शाळेचं नाव लिहीत नाही. सांगली-मिरज पट्ट्यात मिशनच्या शाळा काही एकच नाहीत. ज्यानं त्यानं अंदाज बांधावा आणि स्वतःपाशी ठेवावा.

मी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहिते. त्यामुळं शाळा बघायला गेले तरी मला इमारतीआधी पावतीपुस्तक दिसतं. पण पावतीचं नंतर. आधी शिकवण्याचं, कारण पैसे आपण त्याचेच मोजतो.

सेमी आता गल्लोगल्ली आहे. गणित-विज्ञानाची पुस्तकं इंग्रजी, बाकीची मराठी, की झालं सेमी. बऱ्याच ठिकाणी सर इंग्रजी ओळ वाचतात, तिचं मराठी सांगतात, उत्तर फळ्यावर लिहून देतात आणि पोरं ते घोकतात. नववीत घोकंपट्टी पुरत नाही, मग क्लास लावायचा. या शाळेत गणिताच्या सरांनी पाचवीत दिवाळीपर्यंत एकाही पोराकडं इंग्रजीतून उत्तर मागितलं नाही. चाचणीची प्रश्नपत्रिका दोन्ही भाषांत छापलेली, उत्तर कुठल्याही भाषेत लिहा. शाब्दिक उदाहरण आलं की आधी उभं राहून ते आपल्या बोलीत सांगायचं: कोण, कुणाला, किती देणं लागतो. ते नीट सांगता आलं तरच वहीत इंग्रजीतून मांडायचं. पोरगी घरी पण तसंच करायची. सरळव्याजाचं एक उदाहरण तिनं ‘एका माणसानं पतसंस्थेतनं दहा हजार उचलले’ असं सुरू केलं. पुस्तकात बँक होती. पतसंस्था हिची, सांगलीची. मी मनात म्हटलं, हिला व्याज समजलं.

विज्ञानाच्या मॅडमबद्दल जास्त लिहावं लागेल. नववीत आम्ल-आम्लारीचा पाठ आला तेव्हा त्यांनी पोरांना घरची हळद आणायला सांगितली. मी दुकानातून राजापुरी हळदीची पूड नेऊ का म्हणून विचारलं. शेठ म्हणाले, ‘‘न्या की, पण पुडीवर दुकानाचं नाव नको.’’ सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, पण नमुना तपासायला निघाला की शेठ लोकांच्या पोटात अजून गोळा येतो.

त्या दिवशी पालकांना वर्गात मागं बसायची मुभा होती, म्हणून मी बघितलं. हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवलेले कागद. त्यावर लिंबू, दही, धुण्याचा सोडा, साबणाचं पाणी. आंबट पदार्थानं कागद पिवळाच राहिला, सोड्यानं तांबडा झाला. हे पुस्तकातलं. मग मॅडमनी पोरांना मागं सरकायला लावलं आणि प्रत्येकाच्या हळदीच्या पाण्यात स्वतः हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले. गुलाबी छटा बऱ्याच नळ्यांत आली. वरून पाणी ओतल्यावर ती जायला पाहिजे; गेली नाही तर त्या हळदीत मेटॅनिल यलो नावाचा रंग असल्याचा संशय. सगळ्यांची गेली, एका नळीची राहिली. ती कुणाच्या घरची, ते मॅडमनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. आमच्या दुकानाची पास झाली. शेठनी ते ऐकून चहा मागवला.

प्रयोग कुठल्याही बऱ्या शाळेत होतात म्हणा. मला आवडलं ते त्यानंतरचं. निरीक्षण वहीत इंग्रजीतून लिहायचं, आणि तेच घरातल्या म्हाताऱ्या माणसाला कळेल अशा दहा ओळींत मराठीतून. दोन्ही विज्ञानाच्या मॅडमच तपासायच्या. मराठीच्या ओळींत अर्थ चुकला असेल तर इंग्रजी कितीही बरोबर असलं तरी शेरा यायचा, परत लिही. त्यामुळं पोरीला आज माझ्या दुकानाची हिशोबपट्टी वाचता येते, वजन, तोलाई, हमाली, अडत सगळं वजा करून शेतकऱ्याच्या हातात किती पडले ते सांगता येतं, आणि बँकेचं इंग्रजी पत्र बापाला मराठीत समजावूनही देता येतं. जावेचा मुलगा विश्रामबागेकडं इंग्रजी माध्यमात आहे, हुशार आहे, पण पत्र वाचून झाल्यावर ‘‘म्हणजे पैसे भरायचेत का नाहीत?’’ एवढं विचारलं की गडबडतो.

मराठीचंही इथं दुय्यम म्हणून उरकत नाहीत. इंग्रजी माध्यमाच्या पोरांना दहावीला अक्षरभारती, सेमीच्या पोरांना कुमारभारती, म्हणजे मराठी प्रथम भाषा, मराठी शाळेतल्या पोरांच्या बरोबरीनं. बाई कडक आहेत, निबंधात गाईडचं वाक्य दिसलं की खाली रेघ. आणि एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते: चर्चचं मराठी फार चांगलं असतं. स्नेहसंमेलनात चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, बोलतात ते एकही इंग्रजी शब्द न घालता, जुन्या वळणाचं, ठाशीव. रेव्हरंड नारायण वामन टिळक शेवटच्या काळात साताऱ्याला होते, १९१९ साली गेले, पण त्यांची पदं या लोकांच्या तोंडात अजून आहेत. ती ऐकून आमच्या सासूबाई म्हणाल्या, ‘‘हा तर आपला अभंगच की.’’ संस्थेचे पदाधिकारी मात्र त्याच व्यासपीठावर इंग्रजीत बोलतात, आणि खाली बसलेले आईबाप हात जोडून ऐकतात.

आता धर्माचं, कारण मला पहिला प्रश्न सगळे तोच विचारतात. प्रवेश घेतला तेव्हा घरात वाद झाला होता. डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशनचा दवाखाना काढला. सासूबाईंची दोन्ही बाळंतपणं त्याच दवाखान्यातली. तेव्हा कुणी बाटलं नव्हतं, पण नातीची शाळा म्हटल्यावर त्यांना शंका आली. मी मुख्याध्यापिकांना सरळ विचारलं. परिपाठात राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची प्रस्तावना आणि शेवटी प्रभूची प्रार्थना. प्रार्थनेला उभं राहायचं, म्हणायची सक्ती नाही. बायबलचा तास ख्रिस्ती मुलांना. त्या वेळेत बाकीच्यांना मूल्यशिक्षण. पालकाला हवं असेल तर लेखी संमती देऊन आपलं मूल बायबलच्या तासाला बसवता येतं. राज्यघटनेच्या कलम २८(३) मध्ये हेच आहे, मान्यताप्राप्त शाळेत पालकाच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही. शाळेनं ते अर्जावर छापलंय, हे मला आवडलं. तोंडी आश्वासनावर माझा धंद्यातसुद्धा विश्वास नाही.

सासूबाईंची शंका मात्र कलमानं गेली नाही, पुरानं गेली. प्रवेश जूनमध्ये झाला आणि ऑगस्ट २०१९ ला कृष्णेला पाणी आलं. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आम्ही नदीकाठच्या गावभागातले. शाळा मिरजेच्या बाजूला, उंचावर. तिथलं सभागृह आणि वर्ग लोकांना मोकळे करून दिले होते. बाकं एकावर एक रचून भिंतीला लावलेली, चर्चच्या मंडळीतल्या बायका सकाळ-संध्याकाळ रांधत होत्या. कुणी प्रार्थनेला या म्हटलं नाही. संध्याकाळी सासूबाई आणि आमच्याच गल्लीतल्या दोघीतिघींनी सातवी ‘ब’ च्या वर्गात हरिपाठ सुरू केला, तर पाळकसाहेबांनी शिपायाला सांगून तिथला पंखा लावून दिला. त्यानंतर घरात विषय निघाला नाही.

एकदा खटका उडाला, नाही असं नाही. नागपंचमीची मेंदी हातावर होती म्हणून एका शिक्षिकेनं पोरीला वर्गाबाहेर उभं केलं. आपल्या जिल्ह्यात, जिथं बत्तीस शिराळ्याची नागपंचमी लांबून लोक बघायला येतात, तिथं हे? मी डायरीत लिहून पाठवलं, दुसऱ्या दिवशी स्वतः गेले. मुख्याध्यापिकांनी ऐकून घेतलं आणि सूचना काढली, सणाच्या मेंदीला हरकत नाही. टिकली-बांगड्यांचा नियम तसाच आहे, ख्रिस्ती मुलींच्या कानातल्यांनाही तोच लागू आहे, त्यामुळं त्यावर मी भांडले नाही.

फीकडं येते. दहावीच्या वर्षी शिक्षण शुल्क, सत्र शुल्क, संगणक, प्रयोगशाळा सगळं मिळून २८ हजारांच्या आत बसलं. जाऊ त्याच वर्षी दुपटीहून जास्त भरत होती. शाळा विनाअनुदानित आहे, तेव्हा एवढं लागणारच. पण तीन-चार गोष्टी आधी माहीत असू द्या.

प्रवेशाच्या वेळी ‘ऐच्छिक’ इमारत निधी मागतात. ऐच्छिक म्हणजे नाही दिला तर खिडकीतला क्लार्क मान वर करत नाही एवढंच. प्रवेश अडवत नाहीत, मी थोडे दिवस थांबून बघितलं. दिला तर पावती मिळते, पण ती शाळेच्या नावाची नाही, संस्थेच्या नावाची. जुन्या कररचनेत असाल तर आयकराच्या वजावटीत फक्त शिक्षण शुल्क धरता येतं, तेही दोन मुलांचं. इमारत निधी, देणगी, विकास निधी त्यात येत नाही. शाळेच्या एकत्रित दाखल्यावर सगळी रक्कम एकाच ओळीत असते, म्हणून शिक्षण शुल्काचा वेगळा दाखला मागून घ्या. देतात, कुरकुर करत देतात.

कोरोनात २०२१-२२ च्या फीत १५ टक्के सूट द्या असा शासनाचा आदेश निघाला होता. आमच्या शाळेच्या फलकावर तो कधी लागला नाही. अर्ज केला त्यांना पुढच्या सत्रात वळती करून दिली. ज्यांनी केला नाही ते गप्प बसले, आणि पैसेही गप्प बसले. तसंच फीवाढीचं: २०११ च्या शुल्क कायद्यानं पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीची मान्यता लागते आणि ठरलेली फी दोन वर्षं तशीच ठेवावी लागते. समितीत चिठ्ठ्या टाकून नावं काढतात त्या दिवशी हजर राहा. आमच्या वर्गातून दोघीच आल्या होत्या.

अजून एक, गरीब घरच्या हुशार पोरांसाठी महत्त्वाचं. एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्तीची परीक्षा, जिच्यात आठवीतून निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२ हजार मिळतात, ती अनुदानित, सरकारी आणि स्थानिक संस्थांच्या शाळांतल्या मुलांना. इथल्या पोरांना बसता येत नाही. उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि मूल चमकदार असेल, तर शाळा निवडताना हे ४८ हजार हिशेबात धरा. शिक्षण हक्क कायद्यातल्या (आरटीई) २५ टक्के राखीव जागांबद्दल इथं विचारू नका. अल्पसंख्याक संस्थेला तो कायदा लागू नाही, २०१४ साली सुप्रीम कोर्टानं तसा निकालच दिलाय. ख्रिस्ती कुटुंबांना फीत सवलत आहे. बाकीच्यांना मुख्याध्यापिकांना भेटून अर्ज द्यावा लागतो, आणि बाप गेलेल्या एका पोरीची फी त्यांनी पूर्ण माफ केलेली मी स्वतः बघितली.

कमी काय आहे? इंग्रजी बोलणं. पोरं इंग्रजी लिहितात स्वच्छ, पण पाहुण्यांसमोर उभं केलं की तोंड उघडत नाहीत. पोरगी आता अकरावी सायन्सला आहे. जीवशास्त्राची जाड पुस्तकं तिला जड गेली नाहीत, पण वर्गात शंका विचारायला तिला बरेच दिवस लागले. शाळेनं सेमीचं लिहिणं-वाचणं एवढं नीट केलं, तर आठवड्यातून एक तास नुसता बोलण्याचा ठेवायला काय हरकत होती? ग्रंथालयाची कपाटं कुलपात. संस्कृत अजिबात नाही, दहावीला हिंदीच घ्यावं लागतं, हिंदी-संस्कृत संयुक्तसुद्धा नाही. बास्केटबॉलच्या एका खांबाला रिंग नाही. मुलींची स्वच्छतागृहं मात्र स्वच्छ आहेत आणि पाणी असतं. बापांना हे किरकोळ वाटतं, आया समजून घेतील.

कार्यालय हे वेगळंच संस्थान आहे. बोनाफाईडला आठवडा. अपार आयडीत (विद्यार्थ्याच्या ओळख क्रमांकाच्या नोंदीत) नावाचं एक अक्षर चुकलं, ते दुरुस्त होईपर्यंत अकरावीच्या ऑनलाईन प्रवेशाची पहिली फेरी तोंडावर आली होती. शिक्षक जेवढे आपुलकीचे, खिडकी तेवढीच परकी.

आता सेमी बंद करायच्या त्या निर्णयाचं. येत्या जूनपासून पाचवीचे नवे प्रवेश फक्त पूर्ण इंग्रजी माध्यमात. आहेत त्या सेमीच्या तुकड्या दहावीपर्यंत चालतील आणि मग संपतील. पालकसभेत एका विश्वस्तांनी हे इंग्रजीतून जाहीर केलं आणि कारण दिलं: पालकांची मागणी. मी हात वर केला. कुठल्या पालकांची, अर्ज दाखवा. सेमीचा निकाल कमी लागलाय का? तर नाही, निकाल उत्तम आहे. मग? काळाची गरज. माझ्या शेजारी बसलेला टेम्पोवाला पालक म्हणाला, ‘‘ताई, बसा खाली, ठरलंय त्यांचं.’’

मला यातला हिशेब कळतो. तीच इमारत, तेच वर्ग, माध्यम बदललं की फी दुप्पट लावता येते. संस्थेला जुन्या इमारतीची डागडुजी करायचीय, पैसे लागतात, मी त्याला नावं ठेवत नाही. पण मग तसं सांगा. आम्ही फीवाढीवर बोललो असतो, समितीत बसून दोन-चार हजार जास्त दिले असते. पालकांच्या नावावर का खपवता? आणि ज्या गणिताच्या सरांनी पोरांना आधी आपल्या बोलीत विचार करायला लावला, त्यांना इंग्रजी माध्यमात ‘वर्गात मराठी बोलू नये’ या नियमाखाली उभं करणार? विज्ञानाच्या मॅडम त्या दहा मराठी ओळी कुणाकडून लिहून घेणार? गावात पूर्ण इंग्रजी शाळा पैशाला पासरी आहेत. नीट शिकवलेलं सेमी सगळीकडं मिळत नाही. मिशनच्या या शाळेत ते होतं, अजून काही वर्षं आहे, आणि संस्थेला आपल्या दुकानात खपणारा माल कुठला तेच ठाऊक नाही.

हे सगळं धरूनसुद्धा, मूल आत्ता पाचवी ते सातवीत असेल आणि मराठी शाळेतून येत असेल, तर मी हीच शाळा सांगेन. सहावी ते आठवीच्या सेमी तुकड्यांत कुणी बदली होऊन गेलं तर जागा निघतात, मे महिन्यात विचारा. प्रवेश देताना ‘सेमी, दहावीपर्यंत’ असं अर्जावर लिहून मुख्याध्यापिकांची सही घ्या, क्लार्कची नको. सातवीपुढं असेल तर विचार करा, कारण नववीत अचानक सेमी झेपत नाही आणि इथला पाया पाचवीपासूनचा आहे. मागच्या शाळेचा दाखला, आधार आणि दोन फोटो लागतात. खिडकी साडेदहा ते साडेबारा उघडी असते, आणि मोबाईलवरून पैसे घेत नाहीत, चेक किंवा रोख न्या.